दोमितिलाचे चाळीस पत्ते

दोमितिला तोलाबाचं कौतुक ऐकायचं असेल तर आग्वा मान्सामध्ये कुठलंही दार ठोठावा. माझं सोडून. माझ्याकडेही तिच्याबद्दल चांगलं सांगण्यासारखं आहे, पण ते आपणहून बाहेर येत नाही, ओढून काढावं लागतं. मी एवारिस्तो सेर्पा, इथल्या इस्पितळाचा रेडिओवाला. बावीस वर्षं वरच्या गावांचे आवाज माझ्या कानात पडताहेत. कोणाचं मूल आडवं आलंय, कोणाचा पाय मोडलाय, कोणाचं इन्सुलिन संपलंय. डोंगरातलं काही विचारायचं असलं की लोक माझ्याकडे यायचे. मग एक दिवस ते धुणं धुणाऱ्या बाईकडे जायला लागले.

ती धुणं धुणारी बाई म्हणजे दोमितिला. जन्म विधवेच्या घळीतल्या एका दगडी खोपटात. बाप खेचरांवर मीठ लादून महिना महिना बाहेर. सहाव्या वर्षी पोरीच्या हातात लोकरीची गोफण आली आणि मागे चाळीस शेळ्या. गोफणीचा दगड शेळीच्या पुढ्यात पडावा लागतो, अंगावर नाही. तेवढा नेम तिला दुधाचे दात पडायच्या आत आला होता. पन्नास पावलांवरच्या कोल्ह्याच्या कानाला तिने दगड लावला असं लोक सांगतात. मी पाहिलेलं नाही, तेव्हा शपथ घेणार नाही. सतराव्या वर्षी ती खाली आली, बसच्या ड्रायव्हरशी, तोरिबियोशी, लग्न केलं, आणि पोरगा तीन वर्षांचा असताना बस दरीत गेली. तेव्हापासून ती इस्पितळाच्या चादरी धुते. ब्लीचने हात फाटलेले, दोन वेण्या पाठीवर, आणि बोलणं इतकं कमी की नवीन डॉक्टर पहिला आठवडा तिला मुकीच समजतात.

तिच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला मी धर्मपिता उभा राहिलो. म्हणून ती मला कोम्पाद्रे म्हणते, मी तिला कोमाद्रे. एकमेकांना अहोजाहो करायचं आणि वाकडा शब्द काढायचा नाही, असं ते नातं. मनातल्या मनात काढला तर पाद्रीबाबाही काही करू शकत नाही.

त्रुकोच्या टेबलावर तिला बसवलं मीच. हे मुद्दाम सांगतोय, कारण आता कोणाला आठवत नाही. त्रुको म्हणजे आमचा पत्त्यांचा खेळ, चौघांचा, जोडीदार समोरासमोर. हातात चांगलं पान असो नसो, डाव वाढवायचा आणि समोरच्याला घाबरवून पळवायचं. पान काय आहे हे जोडीदाराला चेहऱ्याच्या खुणेने कळवायचं, बाकीच्यांना दिसू न देता. तलवारीचा एक्का असेल तर भुवया वर. सोट्याचा एक्का असेल तर डोळा मिचकवायचा. सोन्याची सत्ती असेल तर ओठाचा डावा कोपरा ओढायचा. माझा जुना जोडीदार पोटाच्या दुखण्याने गेला, तेव्हा बायकांना टेबलावर कोणी बसवत नसताना मी हिला बसवलं. चौदा वर्षं ती माझ्या समोर बसली, आणि गावच्या जत्रेचा चषक आम्ही नऊ वेळा आणला. लोक म्हणायचे एवारिस्तोची जोडी. मलाही ते बरोबर वाटायचं.

मग ड्रोन आले. पांढरे, पंख पसरलेले, पोटाखाली थंड डबा. लोकांनी नाव ठेवलं बगळा. खेचराला दोन-तीन दिवस लागायचे तिथे बगळा चाळीस मिनिटांत पोचायचा. औषध, रक्त, लस. माझी बहीण सातुर्निना सगळ्यात वरच्या गावात राहते, तिच्यासारखे अकराजण इन्सुलिनवर आहेत. आम्ही आठ बगळे वापरत होतो आणि सगळं छान चाललं होतं.

पण आमच्या डोंगरातून आणखीही माल जातो. सीमेपलीकडून टायर, कपडे, कोकाची पानं, पाठीवर लादून. त्या लोकांना वाटलं, बगळ्याच्या पोटातला कॅमेरा पोलिसांचा आहे. तो कॅमेरा उतरायची जागा बघायला होता, पण हे त्यांना कोण पटवणार? त्यांनी शहरातून एक डबा आणला. तो डबा आभाळात खोटा सिग्नल सोडतो. बगळ्याला वाटतं आपण भलतीकडेच आहोत, तो घाबरून खाली येतो, आणि खाली दोघंतिघं गोफणी घेऊन उभे असतात. वर पोचायच्या वाटा तीन: लाल घळ, कोंडोरची घळ आणि विधवेची घळ. दर आठवड्याला कुठल्या दिवशी कुठून जायचं याची यादी राजधानीतून कॉम्प्युटरवर यायची. ती यादी कोणीतरी आत शिरून वाचली. एका महिन्यात तीन बगळे गेले.

तेव्हा राजधानीतून रोमिना ब्रिसुएला नावाची इंजिनियर आली. वय तिशीच्या आत, बूट कोरे. मी तिच्यासमोर नकाशे पसरले आणि दोन तास बोललो, कुठे वारा कधी उठतो, कुठे रेडिओ लागत नाही, सगळं. ती लिहून घेत होती. मग तिने विचारलं, तुम्ही चोर असता तर कुठे बसला असता? मी म्हटलं, बाई, मी चोर नाही. मला वाटलं, उत्तर झकास झालं.

दोमितिला तेवढ्यात चादरींची चळत घेऊन आत आली होती. चळत खाली न ठेवताच म्हणाली, "मी रोज एकीकडे बसले नसते. डबा एकच आहे त्यांच्याकडे, आणि त्याची बॅटरी खेचरावरून न्यावी लागते. म्हणजे तीन वाटा जिथे फुटतात तिथे पहाटे थांबायचं आणि ठरवायचं, आज कुठे. त्यांनाही कोडं पडतच असणार."

इंजिनियरबाईंनी खुर्ची तिच्याकडे फिरवली. चाकाची खुर्ची होती, कुरकुरली. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. बावीस वर्षांचा रेडिओवाला एका बाजूला, आणि कानामागून आली आणि तिखट झाली.

मग त्या दोघी बोलत बसल्या आणि मी मातेचा कडू काढा करून आणला. मी! इंजिनियर समजावत होती की नेहमी चांगल्याच वाटेने गेलं तर ते तिथेच बसतील, ती टाळली तर दुसरीकडे बसतील. म्हणून आपण कुठून जाणार हे आपल्यालाच आदल्या दिवशी माहीत नसावं. तिन्ही वाटा मिसळायच्या, पण सारख्या नाही, आणि किती मिसळायच्या याचं गणित आहे. दोमितिला म्हणाली, हे तर त्रुको आहे. नेहमी थाप मारणारा हरतो, आणि कधीच न मारणाराही हरतो.

गणित इंजिनियरने केलं, पण घळी दोमितिलाने सांगितल्या. कुठे गोफणीचा दगड पोचतो, कुठल्या कड्यावर माणूस उभा राहू शकतो, दुपारचा वारा उठला की बगळ्याला कुठे खाली यावं लागतं. लाल घळ रुंद. तिथे ते बसले तरी चारातला एखादाच बगळा सापडेल. विधवेची घळ बोळासारखी. तिथे बसले तर सुटका नाही. म्हणून निम्म्या वेळा लाल घळीतून जायचं, उरलेल्यात कोंडोरची आणि विधवेची सारखी. मी विचारलं, विधवेची घळ इतकी वाईट तर तिथून जायचंच कशाला? मला खात्री होती की इथे मी दोघींना पकडलं. दोमितिला म्हणाली, आपण तिथून कधीच गेलो नाही तर ते ती वाट विसरतील, आणि मग बाकीच्या दोनच राखायच्या राहतील. विसरू द्यायचं नाही.

यादी करायला नवीन कॉम्प्युटर देते असं इंजिनियर म्हणत होती. दोमितिलाने एप्रनच्या खिशातून पत्त्यांचा जुना जोड काढला. चाळीस पानं, चार रंग: सोनं, पेले, तलवारी, सोटे. सकाळी आठला एक पान ओढायचं. सोनं किंवा पेले निघाले तर लाल घळ, सोटे निघाले तर कोंडोर, तलवार निघाली तर विधवा. या जोडात कोण शिरून वाचणार? इंजिनियर इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि तिने वहीत लिहून घेतलं. पान ओढणार दोमितिला, आणि बगळ्यात वाट भरणारी इंजिनियर सोडली तर ते बघणार फक्त मी, कारण वरच्या गावांना सावध करायचं काम माझं.

ते पत्ते माझे होते. चौथ्या चषकानंतर मीच तिला दिले होते.

दोन महिने एकही बगळा पडला नाही. एप्रिलमध्ये कोंडोरच्या घळीत एकाचा पंख दगडाने फुटला, तोही लंगडत वर पोचला. त्यावर इंजिनियर म्हणाली पत्त्यांत बदल करायचा नाही, गणित तसं सांगतं. दोमितिलाने पंधरा दिवस सोटे जोडातून काढून ठेवायला सांगितले. म्हणाली, तुमच्या गणितातले चोर दारू पीत नाहीत, आमचे पितात. पंख फोडल्याची गोष्ट ते महिनाभर सांगतील आणि तिथेच जाऊन बसतील. पंधरा दिवस ते खरंच कोंडोरच्या घळीत थंडीत कुडकुडत बसले. वरच्या आरोग्यसेवकाने मला रेडिओवर सांगितलं, आणि मलाच ते तिच्यापर्यंत पोचवावं लागलं. इंजिनियरने राजधानीला कळवलं. तिथून फोटो काढायला माणूस आला. फोटोत दोमितिला पत्ते धरून उभी आणि मागे माझं कोपर.

खोटं बोलणार नाही, मी तिला पाण्यात पाहायला लागलो. दुकानात पाव घेताना लोक मानाने विचारायचे, दोन्या दोमितिला कशा आहेत? मी कसा आहे ते कोणी विचारेना. बहिणीने सातुर्निनाने रेडिओवर सांगितलं, तिला माझा आशीर्वाद दे. माझ्या बहिणीने, माझ्याच रेडिओवर.

मे महिन्यात मी जोडी मोडली. तिला सांगितलं की यंदा जत्रेला मी निकांद्रो चोकेबरोबर खेळणार. हा निकांद्रो चौकात लोहाराचं काम करतो, हसरा माणूस, माझ्या प्रत्येक विनोदाला दाद देणारा. मला वाटलं होतं दोमितिला विचारेल का म्हणून. मी उत्तरही तयार ठेवलं होतं. ती फक्त "बरं" म्हणाली आणि उशीचा अभ्रा झटकला.

निकांद्रो फार भला वाटला मला. संध्याकाळी सराव, त्याच्या बायकोच्या हातच्या सारण भरलेल्या गरम एम्पानादा. माझ्या खुणा त्याने आठवड्यात पाठ केल्या. मोठ्या मानाने म्हणायचा, तुमच्यासारख्या स्वच्छ खुणा कोणाच्याच नाहीत, दॉन एवारिस्तो. सकाळी नऊला मी पाव आणि चघळायची कोकाची पानं घ्यायला चौकात यायचो, तेव्हा तो बाकावर असायचाच. हसत विचारायचा, "काय जोडीदार, आज कुठलं पान आलं?"

मी म्हणायचो, ते इस्पितळाचं गुपित आहे. गालात कोकाची पानं भरायचो आणि इकडचं तिकडचं बोलून परतायचो. एक अक्षर कधी बोललो नाही. तोंड बंद ठेवण्यात माझा हात कोणी धरणार नाही, हे मी त्यालाही सांगितलं होतं. बगळा अकराला उडायचा.

जूनअखेरीस एक बगळा गेला. जुलैत दोन. ऑगस्टमध्ये जत्रा आली. निकांद्रो आणि मी दुसऱ्याच फेरीत दोन मेंढपाळांकडून हरलो. मी म्हटलं टेबल हलत होतं. टेबल दगडाचं होतं. त्याच आठवड्यात चौथा बगळा विधवेच्या घळीत पडला आणि त्याच्याबरोबर सहाजणांचं इन्सुलिन गेलं.

एकच बगळा उरला. इंजिनियर वही घेऊन आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. पत्ते नीट पिसले असतील तर इतकं होऊच शकत नाही, असं तिचं म्हणणं. सोळा फेऱ्यांत तेरा वेळा डबा नेमक्या घळीत होता. डॉक्टरांनी टेबलावर हात आपटला नाही, पण आवाज तसाच होता. हा एक पडला की काम बंद, पुन्हा खेचरं. आणि धुलाईवालीच्या पत्त्यांवर इस्पितळ चालवायला दिलं ही आपली चूक, असंही ते म्हणाले. दोमितिलाने मान खाली घातली. तिचे फाटलेले हात एप्रनखाली गेले.

मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं. वर माझ्या बहिणीच्या बाटलीत चार दिवसांचं इन्सुलिन होतं, खेचर पोचेपर्यंत तीन दिवस लागले असते, हे सगळं माहीत असून माझ्या पोटात आधी आनंदच झाला. भीती नंतर आली. रात्री ती भीती मात्र चांगलीच आली.

दुसऱ्या दिवशी शेवटची फेरी होती. आठ वाजता दोमितिलाने जोड पिसला, पान ओढलं, माझ्यासमोर धरलं. तलवारीची चौकी. विधवेची घळ.  मी म्हटलं, कोमाद्रे, आजच्या दिवस दुसरं ओढा, वर सातुर्निना आहे. ती म्हणाली निघालं ते निघालं, आणि पान जोडात घातलं. मला तिचा इतका संताप आला की पाव आणायला जाताना मी दार जोरात आपटलं.

निकांद्रोने विचारलं, आज कुठलं पान? मी म्हटलं गुपित. त्याने माझ्यापुढे कोकाच्या पानांची पिशवी धरली. हवा किती कोरडी आहे त्यावर बोललो आणि मी आलो.

अकराला बगळा उडाला. मी रेडिओला चिकटून बसलो. साडेअकराला विधवेच्या घळीवरच्या आरोग्यसेवकाचा आवाज आला: पाच माणसं, एक खेचर, डबा, गोफणी, बोळाच्या तोंडाशी बसलेत. मी डोळे मिटले. मिनिटं मोजली, चाळीसची पन्नास झाली. मग सातुर्निना स्वतःच बोलली. बगळा अंगणात उतरलाय, कोंबड्या पळाल्यात, इन्सुलिनचा डबा थंड आहे. मी विचारलं, कुठून आला? ती म्हणाली लाल घळीकडून, दुसरीकडून कुठून येणार?

मी धुलाईच्या खोलीत गेलो. दोमितिला इस्त्री करत होती. रागात मी तिला तू म्हणालो. कोमाद्रेला तू म्हणायचं नसतं. इस्त्री क्षणभर थांबली आणि परत चालू लागली.

"खरं पान कुठलं होतं?"

"पेल्यांची दुरी. साडेसातलाच ओढलं होतं, इंजिनियरबाईंसमोर."

"आणि मला तलवार दाखवलीस."

"दाखवली."

मी म्हटलं मी विश्वासघातकी वाटलो का, मी त्या माणसाशी एक शब्द बोललो नाही, आईची शपथ. दोमितिलाने चादर उलटी केली.

"माहितीये, कोम्पाद्रे. शब्द कशाला लागतात? कोणी तलवार म्हटलं की तुमच्या भुवया टोपीला टेकतात. सोटा म्हटलं की डोळा लवतो. त्याने नुसतं विचारायचं आणि तुमच्याकडे बघायचं."

मग तिने खिडकीतून हात दाखवला. धुलाईच्या गच्चीवरून निकांद्रोच्या घराची दोरी समोर दिसते, आणि तीन वाटा फुटतात त्या टेकाडावरूनही ती दिसते. जूनपासून त्या दोरीवर घोंगडी यायला लागली होती. कधी तांबडी, कधी करडी, कधी काहीच नाही. जून-जुलैच्या आमच्या ऐन थंडीत घोंगडी कोण धुतं, तिने विचारलं, वाळायला तीन दिवस लागतात. आणि ती ओली नसायची. ओली घोंगडी दोरीला झोळ पाडते, ही दोरी सरळ असायची. बारा दिवस तिने कपडे वाळत घालताना मोजलं. तलवार निघाली की तांबडी, सोटा निघाला की करडी, लाल घळ असली की दोरी रिकामी. मी चौकातून परतल्यावर पावपाव तासाने.

 मग एकदम दुसरंच काहीतरी मनात आलं, आणि ते विचारायला नको होतं.

"माझा चेहरा असा आहे, तर आपण नऊ वेळा जिंकलो कसे?"

इस्त्री तिने उभी ठेवली. मला वाटतं तिला ते सांगायचं नव्हतं. चौदा वर्षं तिने ते सांगितलं नव्हतं, जोडी मोडली तेव्हाही नाही.

"सगळे तुमच्याकडेच बघायचे," ती म्हणाली. "तुमच्याकडे एक्का आहे हे कळलं की पळायचे. नाही हे कळलं की अंगावर यायचे. माझ्याकडे काय आहे ते बघायला कोणाला सवडच नव्हती. तुम्ही तसे होतात म्हणून मला थाप मारता आली, कोम्पाद्रे."

मी त्या खोलीतून कसा बाहेर आलो ते आठवत नाही. नऊ चषक माझ्या घरी फळीवर आहेत. दर शनिवारी मी ते पुसतो. त्या शनिवारी पुसले नाहीत.

तिने दुसऱ्या दिवशी जे मागितलं ते मात्र त्याहून अवघड होतं. निकांद्रोला पकडून द्यायचं नाही, असं तिचं आणि इंजिनियरचं ठरलं होतं. तो गेला तर ते दुसरा माणूस लावतील आणि तो कोण हे कळणार नाही. याची दोरी तरी आपल्याला दिसते. मी रोज चौकात जायचं, बाकावर बसायचं, आधीसारखंच. खरं पान आधी ओढून ठेवलेलं असेल. मला आठ वाजता दुसरं एक पान दाखवतील. ते कधी खऱ्याशी जुळेल, कधी जुळणार नाही, आणि जुळलंय का हे मला सांगणार नाहीत. वरच्या गावांना मी बगळा उडाल्यावरच कळवायचं. माझा चेहरा जे सांगेल त्याला त्यामुळे काही अर्थच उरणार नाही.

मी म्हटलं मी चेहरा सावरायला शिकेन. ती म्हणाली, नका शिकू, तुम्हाला जमणार नाही आणि त्याला संशय येईल. हे तिने इतक्या मायेने सांगितलं की माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पण मी गेलो. सातुर्निनासाठी गेलो असं मी सगळ्यांना सांगतो. त्याला आता वर्ष झालं. राजधानीने आणखी चार बगळे दिले, त्यांतला एकच पडला, तोही वाऱ्याने. टेकाडावरचे लोक घोंगडीवर विश्वास ठेवून कधी भलत्याच घळीत जातात, कधी विश्वास न ठेवून भलत्याच घळीत जातात. निकांद्रो हल्ली बाकावर जरा चिडलेला असतो आणि माझ्या विनोदांना पूर्वीसारखा हसत नाही.

यंदाच्या जत्रेला दोमितिला परत माझ्या समोर बसली. मी विचारलं नव्हतं. ती येऊन बसली. दहावा चषक आला. शेवटच्या डावात तिच्या हातात काही म्हणजे काही नव्हतं, आणि तिने डाव तीनदा वाढवला. समोरचे दोघं माझ्या तोंडाकडे टक लावून बसले होते, मी मात्र एक्का असल्यासारखा फुललो होतो, कारण एक्का खरंच होता. ते पळाले. सगळ्यांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या. वा, दॉन एवारिस्तो, काय खेळलात. मी आभार मानले. दोमितिला एप्रनला हात पुसून जत्रेच्या लोक्रोच्या रश्शाचं भांडं ढवळायला गेली होती.

आज सकाळी तिने मला तलवारीचा एक्का दाखवला. मी विचारलं, कोमाद्रे, हा खरा का? मला राहवलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या भुवया पाहिल्या, डोळे पाहिले, ओठांचे दोन्ही कोपरे पाहिले. चौदा वर्षं आणि वर हे एक, मी त्या चेहऱ्यासमोर बसलोय, आणि तो मला एकदाही वाचता आलेला नाही. ती म्हणाली, पाव आणताना माझ्यासाठीही दोन आणा.

मी चौकात गेलो. निकांद्रोने बाकावर जागा केली आणि विचारलं, आज कुठलं पान. माझ्या भुवया वर जाताना मला जाणवल्या. मी त्यांना जाऊ दिलं, गालात कोकाची पानं भरली, आणि मग दोन पाव तिच्यासाठी वेगळे बांधून घेतले.